चावण्याचा ताल मेंदूच्या देठात, अंदाज दातांच्या मुळाशी

प्रश्न तीन आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. चावणं ही आपण ठरवून केलेली हालचाल की आपोआप होणारी? आपोआप होत असेल, तर जन्मभराचा सराव असूनही मध्येच जीभ किंवा गाल का चावला जातो? तिसरा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरातला आहे. वडिलांना नवी कवळी बसवली, ती घट्ट बसली आहे, कुठे टोचत नाही, तरी ते म्हणतात, "तोंडात काय चावतोय ते कळतच नाही." हा दोष कवळीचा की मज्जासंस्थेचा?

मी कवळ्या, ब्रिज, इम्प्लांट यांचं काम करणारा दंतवैद्य आहे. ही तिसरी तक्रार माझ्या खुर्चीवर नेहमीचीच, म्हणून तिच्यावर जास्त थांबेन. पण पहिल्या दोन प्रश्नांची उकल झाल्याशिवाय ती नीट समजत नाही.

आधी थोडक्यात. चावायला सुरुवात करणं आणि थांबणं आपल्या हातात असतं. मधली उघडझाप मेंदूचा देठ, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा खालचा भाग, स्वतः चालवतो. आणि प्रत्येक चाव्याला किती जोर लावायचा, घास कुठे सरकवायचा, कधी थांबायचं, हे दातांच्या मुळाशी, स्नायूंमध्ये, जिभेवर आणि गालांत असलेले संवेदनाग्राहक क्षणोक्षणी कळवत असतात. बैलाला वाट माहीत असली की गाडीवान कासरा सैल सोडून बसतो, तसं मोठ्या मेंदूचं इथे चालतं. वाटेत खड्डा आला, की कासरा लगेच आवळला जातो.

दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या कोनावर, कानाच्या पाळीच्या थोडं खाली आणि पुढे ठेवा आणि दाढा आवळा. बोटाखाली जो कठीण उंचवटा येतो तो मॅसेटर. तसंच कानशिलावर बोटं ठेवून दाढा आवळा, तिथे फुगतो तो टेम्पोरॅलिस. यांना आतून साथ देतो मीडियल टेरिगॉइड. हे तिघं जबडा मिटवतात. उघडण्याचं काम लॅटरल टेरिगॉइड, हनुवटीखालचा डायगॅस्ट्रिक आणि त्याच्या शेजारचे लहान स्नायू करतात, आणि त्यांची ताकद मिटवणाऱ्यांच्या मानाने फारच कमी. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्यांपैकी पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनल, या बहुतेक सगळ्या स्नायूंना हुकूम पोहोचवते. जीभ बाराव्या नसेच्या ताब्यात, गाल आणि ओठ सातव्या. म्हणजे साध्या एका घासासाठी निदान तीन नसांना मिलिसेकंदांच्या हिशेबात एकमेकींशी जमवून घ्यावं लागतं, तेही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी, कारण खालचा जबडा हे एकच हाड आहे. डावा हात उजव्याची पर्वा न करता हलू शकतो, डावा जबडा नाही.

आता ताल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाचं मत असं होतं की चावणं ही प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी असावी. १९१७ साली त्याने मांजरांवरच्या प्रयोगांवरून मांडलेला तर्क समजायला सोपा आहे. दात किंवा हिरडीवर दाब आला की जबडा उघडतो. उघडला की मिटवणारे स्नायू ताणले जातात. ताणले गेले की ते आपोआप आकुंचन पावतात आणि जबडा मिटतो. मिटला की पुन्हा दाब. असं चक्र एकदा फिरू लागलं की वेगळं तालकेंद्र लागतंच कशाला?

या तर्काची खरी परीक्षा १९७१ साली डेलो आणि लंड यांनी सशांवर केली. स्नायूंना हलूच न देणारं औषध देऊन त्यांनी जबडा पूर्ण निश्चल केला. हालचाल नाही, म्हणजे स्नायू ताणले जाणं नाही, दातावर दाब नाही, साखळीतली एकही कडी फिरणं शक्य नाही. तरीही मेंदूच्या ठराविक भागाला विजेचं सलग उद्दीपन दिल्यावर जबड्याच्या नसांमधून उघड-मीट, उघड-मीट असे तालबद्ध संदेश बाहेर पडत राहिले. उद्दीपनाला ताल नव्हता, उत्तराला होता. ताल मेंदूच्या देठातच तयार होतो हे त्यावरून ठरलं. अशा जाळ्याला सेंट्रल पॅटर्न जनरेटर म्हणतात. श्वास, चालणं, गिळणं यांचीही अशी जाळी आहेत. एका प्रयोगाने एवढा निर्णायक निकाल दिल्याची उदाहरणं आमच्या क्षेत्रात फार नाहीत.

हे जाळं देठाचा मधला भाग म्हणजे पॉन्स आणि त्याच्या खालच्या मेड्युलाच्या वरच्या भागात, ट्रायजेमिनलच्या केंद्रकांच्या, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांच्या, आसपास पसरलेलं आहे. त्याचा एक महत्त्वाचा भाग अशा केंद्रकात सापडला, ज्याला पूर्वी निव्वळ चेहऱ्याची स्पर्शसंवेदना घेणारं ठाणं समजलं जाई. तिथल्या काही चेतापेशींत सोडियमचा एक मंद, रेंगाळणारा प्रवाह असतो आणि त्यामुळे त्या झुबक्याझुबक्याने संदेश सोडू शकतात. २०१५ साली मॉन्ट्रियलच्या आर्लेट कोल्टा यांच्या गटाने उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूच्या कापांवर दाखवलं की या पेशींना ताल धरायला लावण्यात शेजारच्या ॲस्ट्रोसाइट पेशींचा हात असतो. त्या एक प्रथिन बाहेर सोडतात, ते भोवतीचं कॅल्शियम पकडून ठेवतं, कॅल्शियम कमी झालं की तो सोडियमचा प्रवाह वाढतो आणि चेतापेशी लयीत येते. ॲस्ट्रोसाइट म्हणजे चेतापेशींच्या मध्ये भरलेला निष्क्रिय मसाला, असं आम्ही विद्यार्थी असताना शिकलो होतो. स्पर्शाची बातमी जिथे येते तिथेच ताल जन्मतो, ही गोष्ट पुढे कवळीच्या बाबतीत पुन्हा लागेल.

माणसाचा चावण्याचा वेग साधारण सेकंदाला एक ते दीड चावा. उंदीर त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने चावतो, मोठी जनावरं संथ. स्वतःचा वेग मोजून पाहिलात तर तो घासागणिक फार बदलत नाही असं दिसेल. घास कठीण असला तर जोर वाढतो, चाव्यांची संख्या वाढते, पण वेग जवळपास तोच राहतो. तालकेंद्र वेगळं आणि जोराचं नियंत्रण वेगळं, याची ही घरबसल्या मिळणारी खूण.

ताल धरायचा म्हणजे नुसतं आळीपाळीने हुकूम द्यायचे असंही नाही. जबडा उघडत असताना मिटवणाऱ्या स्नायूंच्या चेतापेशी सक्तीने दाबून ठेवल्या जातात, ग्लायसिन नावाच्या रसायनाच्या मदतीने. नाहीतर उघडताना ताणल्या गेलेल्या मॅसेटरने लगेच उलट झटका दिला असता. मिटताना मात्र उघडणाऱ्या स्नायूंवर असा सक्तीचा दाब पडत नाही, त्यांना नुसता हुकूम येत नाही. ही असमानता लक्षात ठेवा, धनुर्वाताच्या वेळी तिची किंमत कळते.

मोठा मेंदू काय करतो? घास तोंडात घालायचा ठरवतो, पहिला चावा घेतो, चावण्याची बाजू बदलायची असेल तर बदलतो, बोलायचं असेल तर चावणं थांबवतो. मोठा मेंदू तोडलेल्या जनावरांच्याही तोंडात अन्न ठेवलं तर ती चावतात. चालू राहायला मोठा मेंदू लागत नाही. आपणहून सुरुवात करायला लागतो, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत नेमकं तेच हरवतं. घास तोंडात तसाच धरून बसलेला रुग्ण हट्टी नसतो. त्याचं तालकेंद्र शाबूत असतं, पण सुरू करण्याचा इशारा येत नाही. अशा वेळी "चावा, चावा" असं ओरडून काही होत नाही. ओठांना रिकामा चमचा लावला की पुष्कळदा जबडा हलायला लागतो.

पक्षाघाताबद्दल इथेच सांगून टाकतो. जबड्याच्या चेतापेशींना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम येतात, त्यामुळे एका बाजूचा झटका आला तरी चावण्याची ताकद बहुधा टिकते. घास गालात साठून राहतो तो गालाचा स्नायू ढिला पडल्याने आणि त्या बाजूची जाणीव गेल्याने. घरच्यांना वाटतं जबडाच गेला. जेवण झाल्यावर त्या गालातून बोट फिरवून साठलेलं काढणं, हे साधं काम रोज करावं लागतं.

आता जोर आणि अंदाज. माझ्या मते चावण्यातली खरी कारागिरी इथे आहे, आणि आम्ही दंतवैद्यच तिच्याकडे सगळ्यात कमी बघतो. आम्ही दाताचा आकार, रंग, उंची बघतो. दात हाडात घट्ट रोवलेला असतो असं सगळ्यांना वाटतं, पण तो हाडाला चिकटलेला नसतोच. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचं तंतूंचं अस्तर असतं, पेरिओडॉन्टल लिगामेंट. दात या तंतूंवर झुलत असतो. दाबला की तो किंचित हलतो, आणि अस्तरातली चेतातंतूंची टोकं ताणली जाऊन बातमी पाठवतात: कोणता दात, कोणत्या दिशेने, किती.

ही टोकं भलत्याच कमी जोरावर बोलू लागतात. १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये मॅट्स ट्रुल्सन आणि रोलांड योहान्सन यांनी माणसांच्या या तंतूंतले संदेश थेट मोजले. पुढच्या दातांचे बहुतेक ग्राहक १ न्यूटनच्या आतच आपली जवळजवळ सगळी बातमी देऊन मोकळे होतात. १ न्यूटन म्हणजे सुमारे १०० ग्रॅम वजनाचा भार. दाढांचे ग्राहक थोड्या जास्त जोरापर्यंत सांगत राहतात, पण तेही काही न्यूटनपर्यंतच. दाढांमध्ये आवळून आपण कित्येकशे न्यूटन लावू शकतो, आणि त्या जोराची बारीक मोजदाद हे ग्राहक करत नाहीत. ते मोजतात स्पर्शाचा पहिला क्षण: घास दाताला लागला, या जागी लागला, इतका मऊ आहे.

त्यांच्याच एका प्रयोगात लोकांना शेंगदाणा पुढच्या दातांमध्ये नुसता धरून ठेवायला आणि सांगितल्यावर फोडायला सांगितलं. धरताना लोक १ न्यूटनपेक्षाही कमी जोर लावत, म्हणजे दाणा पडू नये इतपतच. मग दातांना भूल दिली. स्नायू तेच, इच्छा तीच, तरी धरण्याचा जोर कित्येक पटींनी वाढला, एकसारखा राहिना, आणि दाणा दातांतून निसटू लागला. फोडायला मात्र तेवढी अडचण आली नाही. बळ होतं, हलका हात गेला होता. मग कवळीवाल्या लोकांवर हाच प्रयोग झाला, आणि त्यांचंही धरणं भूल दिलेल्या दातांसारखंच निघालं. विचारणाऱ्याच्या वडिलांची तक्रार या एका निरीक्षणात आली आहे.

जास्त जोराची आणि जबड्याच्या स्थितीची बातमी येते मिटवणाऱ्या स्नायूंतल्या स्पिंडलमधून. स्नायूची लांबी आणि ती बदलण्याचा वेग मोजणारे हे बारीक तंतू मॅसेटर आणि टेम्पोरॅलिसमध्ये भरपूर असतात, उघडणाऱ्या स्नायूंत जवळजवळ नसतातच. यांच्या चेतापेशींचा एक विशेष आहे. शरीरभरच्या संवेदी चेतापेशींचं मुख्य अंग मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर, गाठींमध्ये असतं. जबड्याच्या स्पिंडलच्या आणि दातांच्या अस्तरातल्या काही ग्राहकांच्या चेतापेशी मात्र थेट मेंदूच्या देठात, मेसेन्सेफॅलिक केंद्रकात बसलेल्या असतात. असं दुसरं उदाहरण शरीरात नाही. तिथून त्या मॅसेटरच्या चेतापेशींशी सरळ, मध्ये एकही टप्पा न ठेवता जोडलेल्या असतात. सैल सोडलेल्या हनुवटीवर बोट ठेवून हातोडीने हलकेच मारलं की ७-८ मिलिसेकंदांत मॅसेटर उचल खातो, ते याच जोडणीमुळे. मज्जाविकारतज्ज्ञ हे तपासतात, कारण पॉन्सच्या वर दोन्ही बाजूंच्या हुकूमवाहिन्या बिघडल्या असतील तर हा झटका वाजवीपेक्षा जोरदार येतो.

एका चाव्याचा हिशेब असा. जबडा उघडतो, मग हलक्या हाताने पटकन मिटू लागतो, कारण समोर काय येणार हे अजून माहीत नसतं. दात घासाला टेकतात. अस्तरातून स्पर्शाची आणि स्पिंडलमधून अडथळ्याची बातमी पोहोचते, आणि वीस-तीस मिलिसेकंदांच्या आत मॅसेटरवर जास्तीचा जोर चढतो. पुढच्या चाव्याला हा जोर आधीच भरून ठेवलेला असतो, कारण मागच्या चाव्यावरून अंदाज बांधलेला असतो. कठीण घास चावताना लागणाऱ्या कामातला मोठा वाटा अशा रीतीने बाहेरून आलेल्या बातमीवर उभा असतो. एकटं तालकेंद्र फार तर रिकामं तोंड हलवू शकेल.

अंदाज चुकला तर? घासात खडा आला, की दातावर एकदम मोठा आणि विचित्र दिशेचा भार पडतो. १० ते १५ मिलिसेकंदांत मिटवणारे स्नायू क्षणभर गप्प होतात, आणि ४०-५० मिलिसेकंदांनी दुसऱ्यांदा. यात जाणीव येतच नाही. "खडा!" असं मनात येईपर्यंत जबडा सैल झालेला असतो. उलटा प्रसंग कठीण दाणा अचानक फुटण्याचा. दाढांमध्ये मोठा जोर लागलेला आणि समोरचा आधार एकदम नाहीसा. दात एकमेकांवर आदळून तुकडे उडायला हवेत, पण बहुधा उडत नाहीत. काही अंशी प्रतिक्षिप्त क्रियेने जोर कापला जातो. काही अंशी कठीण चावा घेताना उघडणारे स्नायूही आधीच थोडे ताठ ठेवलेले असतात. आणि स्नायूचा स्वतःचाच गुण असा, की तो वेगाने आखडू लागला की त्याचा जोर घटतो. यातला शेवटचा भाग नसांशिवायच होतो, पुस्तकांत मात्र सगळं श्रेय प्रतिक्षिप्त क्रियेला दिलेलं असतं.

मग साध्या चावण्यातही दातावर दाब येतोच, प्रत्येक चाव्याला जबडा का उघडत नाही? कारण तालकेंद्र ही प्रतिक्षिप्त क्रिया सोयीने दाबून ठेवतं. जनावरांवरच्या प्रयोगांत दिसतं की चावणं सुरू असताना साध्या स्पर्शाने जबडा उघडण्याची प्रतिक्रिया दबते. वेदनेने उघडण्याची प्रतिक्रिया मात्र, जबडा मिटत असताना, उलट जास्त तीव्र होते. नेमकी दुखापत होण्याची वेळ तीच.

जीभ का चावली जाते, हे आता सांगता येईल. चावताना जीभ घास दाढांवर ढकलते आणि दात मिटायच्या आत बाजूला होते. बाहेरून गाल तेच काम करतो. जबडा आणि जीभ दोघांच्या चेतापेशींना मेंदूच्या देठातल्या समाईक पेशींकडून हुकूम येतात, म्हणून त्यांची वेळ जुळते. बिघाड बहुतेक वेळा तालाच्या मध्ये मोठ्या मेंदूने हात घातल्यावर होतो. चावता चावता बोलायला सुरुवात केली, हसू आलं, घाईने पुढचा घास घेतला. बोलण्यासाठी जिभेला वेगळे हुकूम जातात, जबड्याचा चावा अर्ध्यावर असतो, आणि जीभ दोन हुकमांच्या मधल्या क्षणी दातांखाली सापडते. एकदा चावली की ती जागा सुजते, सुजलेली जागा पुन्हा दातांत येते, म्हणून दोन-तीन दिवस तीच जागा चावली जाते. त्यात अपशकुन वगैरे काही नाही.

वरचेवर एकाच जागी गाल चावला जात असेल तर आधी दंतवैद्याकडे जा. दाताची धार, तिरकी आलेली अक्कलदाढ, चुकीच्या आकाराची कॅप, यांतलं काहीतरी सापडतं. सकाळी उठल्यावर जिभेची कड चावलेली दिसत असेल आणि रात्रीचं काही आठवत नसेल, तर झोपेत फिट येते का हे मज्जाविकारतज्ज्ञाकडून तपासून घ्या. आणि दाताच्या कामासाठी भूल घेतली असेल तर ती पूर्ण उतरेपर्यंत काही चावू नका. मुलांना तर डोळ्यांसमोर ठेवा. बधिर ओठ मुलं गंमत म्हणून चघळतात, आणि संध्याकाळी ओठ फोडासारखा सुजलेला असतो.

घास गिळण्याजोगा झाला हेही तोंडच ठरवतं. कण पुरेसे बारीक झाले, लाळेने गोळा चिकटून घसरता झाला, की मेड्युलातलं गिळण्याचं केंद्र सुरू होतं. किती चावे लागतात यात माणसामाणसांत बराच फरक असतो, पण एकाच माणसाचा आकडा एकाच पदार्थाला फारसा बदलत नाही. घट्ट अन्नाच्या बाबतीत चावलेला भाग हप्त्याहप्त्याने घशाच्या मुखाशी जाऊन थांबतो, आणि मागे चावणं चालूच असतं. त्या वेळी श्वासनलिका उघडी असते. म्हणून तोंड भरलेलं असताना खळखळून हसलं की ठसका लागतो.

आता वडिलांची कवळी. दात काढले की त्यांचं अस्तरही जातं. कवळीवरचा भार हिरडीवर पडतो. हिरडीला स्पर्श कळतो, पण कोणत्या दातावर, कोणत्या दिशेने, किती, हे ती दाताइतकं बारीक सांगू शकत नाही. त्यात भार जास्त झाला तर हिरडी दुखते, म्हणून कवळीने लावता येणारा जोर नैसर्गिक दातांच्या मानाने बराच कमी असतो. वर जीभ आणि गाल यांच्यावर दुहेरी काम येऊन पडतं: घासही सांभाळायचा आणि कवळीही जागेवर धरून ठेवायची. तर दोष कवळीचा नाही. बातमी आणणारे कमी झाले आहेत, आणि उरलेल्यांकडून काम करून घ्यायला मेंदू अजून शिकतोय.

हे शिकणं काही आठवड्यांचं असतं, आणि ते कवळी काढून ठेवून होत नाही. लहान घास घ्या, मऊ पदार्थांपासून सुरुवात करा, आणि घास दोन्ही बाजूंना थोडा थोडा ठेवून चावा. एकाच बाजूला भार दिला की दुसरी बाजू उचलली जाते, आणि जीभ घास सोडून कवळी सावरायला धावते. पुढच्या दातांनी तोडून खाणं पहिल्या दिवसांत टाळा. माझा अनुभव असा की घरचे लोक "घट्ट बसतेय ना, मग झालं" म्हणतात तेव्हा म्हाताऱ्या माणसाचा धीर सुटतो. त्यांना हे कारण समजावून सांगितलं की ते कवळी डबीत टाकून देत नाहीत. दोन-तीन मुळं वाचवता येण्यासारखी असतील तर ती राखून वरून कवळी बसवावी, या मताचा मी आहे. मूळ राहिलं की अस्तर राहतं आणि बातमी येत राहते.

इम्प्लांटची गोष्ट थोडी वेगळी. टायटॅनियमचा स्क्रू सरळ हाडाला जोडला जातो, मध्ये अस्तर नाही. खऱ्या दातांमध्ये २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाडीची पट्टी धरली तरी बहुतेकांना कळते. इम्प्लांटवर त्याच्या कितीतरी पट जाड लागते. तरी हाड, सांधे आणि स्नायू यांच्यामार्फत काही जाणीव परत येते, आणि कवळीपेक्षा चावणं पुष्कळ सुधारतं. पण इम्प्लांटला "जास्त होतंय" हे सांगता येत नाही, म्हणून त्यावरच्या दाताची उंची बसवताना आम्हाला जास्त काळजी घ्यावी लागते.

रूट कॅनल केलेला दात "मेलेला" असतो, ही समजूत इथे खोडून टाकतो. रूट कॅनलमध्ये दाताच्या आतली नस काढतात, बाहेरचं अस्तर जागेवरच असतं. थंड-गरम कळणार नाही, पण त्या दाताने चावल्याचं कळतं. काढून इम्प्लांट बसवण्यापेक्षा दात वाचवण्याजोगा असेल तर वाचवा, असं मी सांगतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

फिलिंग झाल्यावर दंतवैद्य निळा कागद दातांत धरून "उंच लागतंय का?" विचारतो, तेव्हा रुग्ण बहुधा "नाही" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी फोन करतो. त्या वेळी भूल उतरलेली नसते, मोजणारेच झोपलेले असतात. समोरच्या जबड्याचा दात थोडंफार सांगतो, पण अर्धवट. फोन करायला लाजू नका. केसाहून बारीक उंचीही अस्तराला सहन होत नाही, दात ठणकू लागतो.

उरले बिघाड, तेवढे ओळखीपुरते. जबडा उघडताना हनुवटी एका बाजूला वळत असेल तर त्या बाजूचा लॅटरल टेरिगॉइड किंवा त्याची नस अशक्त असू शकते, सांध्याचं दुखणंही असू शकतं. जेवायला बसल्यावर सुरुवातीला चावता येतं, मग जबडा इतका थकतो की हनुवटीला हाताचा आधार द्यावा लागतो, आणि विश्रांतीनंतर पुन्हा बरं वाटतं, हे मायस्थेनिया ग्रेव्हिसचं लक्षण असू शकतं. त्यात नस आणि स्नायू यांच्यामधला सांधा बिघडतो. धनुर्वातात दातखीळ बसते, कारण त्याचं विष नसांतून वर जाऊन ग्लायसिनची ती रोखणारी यंत्रणाच बंद पाडतं. दोन्ही बाजूंचे स्नायू मोकाट सुटले की जोरदार असणारे मिटवणारे जिंकतात.

झोपेत दात खाणाऱ्यांत तालबद्ध जबड्याची हालचाल दिसते, साधारण सेकंदाला एक, आणि तिच्या आधी मेंदू क्षणभर जागा होऊ लागलेला असतो, हृदयाचे ठोके वाढलेले असतात. दात वाकडे किंवा उंच आहेत म्हणून माणूस झोपेत दात खातो, हा जुना समज आता टिकत नाही. म्हणून दात घासून "चावा बसवून" घेऊ नका. रात्रीची प्लेट दातांची झीज वाचवते, सवय थांबवत नाही. काही नैराश्याच्या गोळ्यांनी हे वाढू शकतं, तेव्हा नव्या गोळ्या सुरू झाल्यावर त्रास सुरू झाला असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, स्वतः बंद करू नका.

आणि एक दुखणं नसांचं नसूनही इथे सांगायलाच हवं. वय पन्नाशीच्या पुढे, चावायला लागल्यावर थोड्याच वेळात जबडा भरून येतो, थांबलं की कमी होतं, सोबत कानशिलाला नवीन ठणका किंवा कंगवा फिरवताना डोकं दुखणं, असं असेल तर ती कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. यात नजर जाऊ शकते. दंतवैद्याची तारीख मिळायची वाट न बघता त्याच दिवशी फिजिशियनना दाखवा.